उडीचा भरवसा: प्लॅटफॉर्म गेम कसे घडले आणि पुढे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: मारिओसारखे उड्या मारत पुढे जायचे प्लॅटफॉर्म गेम चाळीसहून जास्त वर्षं कसे टिकले, त्यांत नेमकं काय बदललं, आणि एआय नि भल्यामोठ्या ओपन वर्ल्ड गेमच्या दिवसांत त्यांना भवितव्य आहे का. सोबत एक उपप्रश्न: इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना पहिला गेम म्हणून गडकिल्ल्यांवरचा प्लॅटफॉर्मर करायला घ्यावा का.

मी गेमप्ले प्रोग्रॅमर आहे. पात्र नीट धावतंय का, नीट उडतंय का, भिंतीला घासून अडकत तर नाही ना, हे बघण्यात माझ्या नोकरीचा बराच काळ गेला. त्यामुळे उत्तर त्या बाजूने येणार. हा इतिहास बहुतेक वेळा ग्राफिक्सचा म्हणून सांगतात: आधी ठोकळे, मग रंगीत चित्रं, मग थ्रीडी. मला तो उडीच्या भरवशाचा इतिहास दिसतो. बटण दाबलं की पात्र किती उंच जाईल, कुठे उतरेल, आणि मेलं तर चूक कोणाची, माझी की गेमची, याबद्दल खेळणाऱ्याला वाटणारा भरवसा. बाकी सगळं त्याच्याभोवती रचलेलं असतं.

सुरुवातीला तर उडीच नव्हती. १९८० सालच्या ‘स्पेस पॅनिक’मध्ये मजले होते, शिड्या होत्या, शत्रूला पाडायला खड्डे खणता येत होते, पण पात्र जमीन सोडत नव्हतं. उडी आली १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’बरोबर, आणि तीही गरजेपोटी. निन्टेन्डोचा ‘रडार स्कोप’ हा आर्केड गेम अमेरिकेत आपटला होता आणि सुमारे २००० यंत्रं पडून होती. त्याच यंत्रांत बसेल असा नवा गेम काढायचं काम तरुण शिगेरू मियामोतोकडे आलं. त्यातल्या ‘जम्पमॅन’ची, म्हणजे पुढच्या मारिओची, उडी आजच्या मानाने फार कडक आहे. उंची एकच, हवेत दिशा बदलायची सोय नाही, आणि जरा उंचावरून पडला की मेला. तरी अन्याय झाल्यासारखं वाटत नाही, कारण ती दर वेळी तशीच असते. दोन डावांत हाताला अंदाज येतो.

पुढच्या वर्षी डेव्हिड क्रेनने अटारी २६०० वर ‘पिटफॉल’ केला. त्या कन्सोलची रॅम १२८ बाइट. किलोबाइट नव्हे, बाइट. इतक्यात २५५ पडद्यांचं जंगल साठवणं अशक्य होतं, म्हणून क्रेनने ते साठवलंच नाही. एका छोट्या गणिती युक्तीने प्रत्येक पडद्याचा क्रमांक त्याच्या आधीच्या क्रमांकावरून काढला आणि त्या क्रमांकाच्या बिट्सवरून झाडं, खड्डे, मगरी ठरवल्या. आज ज्याला प्रोसिजरल जनरेशन म्हणतात त्याचंच हे रूप, फक्त यात नशिबाचा भाग शून्य. जंगल दर डावाला तेच. पुढे एआयबद्दल बोलताना हा मुद्दा लागणार आहे.

आता ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. जपानमध्ये १३ सप्टेंबर १९८५ ला आला. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला शुभ सकाळचा फोटोसुद्धा याहून जड असतो. ढग आणि झुडुपं एकच चित्र आहे, नुसता रंग बदललेला, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. माझ्या लेखी त्यातली खरी कारागिरी उडीत आहे. बटण नुसतं टिचकावलं तर छोटी उडी, दाबून धरलं तर मोठी. म्हणजे पात्र हवेत गेल्यावरही खेळणाऱ्याचा शब्द चालतो. हे कसं केलंय? वर जाताना बटण दाबलेलं असेल तर गुरुत्वाकर्षण कमी ठेवलंय. बोट उचललं की ते एकदम वाढतं. शिवाय मारिओ जितक्या वेगाने धावत असेल तितकी उडी उंच जाते, आणि हवेतही थोडं मागेपुढे वळता येतं. भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी कपाळाला हात लावावा असा हा प्रकार आहे. पण हाताला तो खरा वाटतो.

इथे थोडं गणित सांगतो, कारण नव्या माणसाचा पाय इथेच घसरतो. उडी तयार करताना गुरुत्वाकर्षण आधी ठरवू नका. उंची ठरवा आणि टोकाला पोहोचायचा वेळ ठरवा. बाकीचं त्यातून निघतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळेचा वर्ग, आणि सुरुवातीचा वेग म्हणजे दोन गुणिले उंची भागिले वेळ. समजा पात्राने ४ खाने (लेव्हल ज्या चौकोनांची बनते ते) उंच उडावं आणि ०.४ सेकंदात टोक गाठावं. मग गुरुत्वाकर्षण येतं सेकंदाच्या वर्गाला ५० खाने आणि वेग सेकंदाला २० खाने. एक खाना म्हणजे एक मीटर धरला तर हे पृथ्वीच्या ९.८ च्या पाचपट झालं. कुठलाही चांगला प्लॅटफॉर्मर उघडून मोजा, पात्र माणसापेक्षा कितीतरी उंच उडतं आणि कितीतरी जोरात खाली येतं. खऱ्या गुरुत्वाकर्षणाने चार मीटरची उडी मारली तर पात्र फुग्यासारखं तरंगत राहील आणि खेळणारा वैतागेल.

मारिओची पहिली लेव्हल म्हणजे शिकवणी कशी घ्यावी याचा नमुना. सूचनांची एकही पाटी नाही. उजवीकडे रिकामी जागा, म्हणून माणूस आपसूक उजवीकडे निघतो. पहिला शत्रू सावकाश चालत समोरून येतो. वर चकाकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा. त्यातून निघालेलं मशरूम पलीकडच्या पाइपला धडकून परत तुमच्याच दिशेने येतं, त्यामुळे घाबरून पळू म्हटलं तरी बहुतेकदा अंगावर येतंच, आणि मारिओ मोठा होतो. मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी या लेव्हल आलेखाच्या कागदावर हाताने आखल्या होत्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या, म्हणजे मारिओ ज्यावर आला त्या निन्टेन्डोच्या कन्सोलच्या, नकला घरोघरी टीव्हीला जोडल्या गेल्या, ‘९९९ इन १’ लिहिलेल्या पिवळ्या कार्ट्रिजसकट, ज्यात खरे गेम मोजकेच आणि बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होणारे. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीसुद्धा त्यावर पहिली लेव्हल पार करायच्या, ते या रचनेच्या जोरावर.

ज्यांच्याकडे टीव्ही गेम नव्हता त्यांना शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला ‘डेंजरस डेव्ह’ आठवत असेल. जॉन रोमेरोचा हा गेम. त्यात स्क्रीन सलग सरकत नाही. डेव्ह कडेला गेला की चित्र टप्प्याटप्प्याने पुढे ढकललं जातं. ही हौस नव्हती, नाइलाज होता. फॅमिकॉममध्ये पार्श्वभूमी सरकवायला वेगळं हार्डवेअर होतं. ऑफिसच्या कामासाठी घडलेल्या पीसीत ते नव्हतं. १९९० मध्ये जॉन कारमॅकने युक्ती काढली: प्रत्येक फ्रेमला, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणाऱ्या चित्राला, अख्खी स्क्रीन रंगवायची नाही, जे खाने बदलले तेवढेच रंगवायचे. ती दाखवण्यासाठी त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली लेव्हल पीसीवर उतरवली आणि मारिओच्या जागी चक्क डेव्हला उभा केला. निन्टेन्डोने पीसीवर यायला नकार दिला. मग त्याच तंत्रावर डिसेंबर १९९० मध्ये ‘कमांडर कीन’ आला, आणि ती मंडळी पुढे ‘डूम’ या गाजलेल्या नेमबाजीच्या गेमपर्यंत पोहोचली.

त्याच लॅबमधला दुसरा गेम ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, जॉर्डन मेकनरचा, १९८९ चा. मेकनरने आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना व्हिडिओवर टिपलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. हालचाल इतकी जिवंत की तेव्हा बघतच राहायचे लोक. पण त्याची किंमत आहे: राजपुत्र पाऊल पुरं केल्याशिवाय ऐकत नाही. मारिओ आधी ऐकतो, मग दिसायला बरा दिसतो. प्लॅटफॉर्मरमध्ये ही दोन घराणी तेव्हापासून आहेत. राजपुत्राचं घराणं वाईट नाही, कारण तिथेही हिशेब पक्का आहे: उडी ठरावीक फरशांची. १९९६ चा ‘टूम रेडर’ हाच हिशेब थ्रीडीत घेऊन आला. फसतात ते मधले, ज्यांना राजपुत्राचं अ‍ॅनिमेशन हवं असतं आणि मारिओची चपळाई.

१९९१ चा ‘सॉनिक’ मी झटक्यात उरकतो, त्याच्या भक्तांनी रागावू नये. उतारावर वेग साठतो आणि चढावर खर्च होतो, ही त्यातली मोठी कल्पना आणि ती आजही सुंदर आहे. पण वेग आणि अंदाज यांचं वैर असतं. पुढचं दिसण्याआधी काटे येतात. त्या मालिकेला पुढे जे झगडावं लागलं त्याचं मूळ मला इथे दिसतं.

खरं संकट आलं थ्रीडीबरोबर. टूडीत खड्डा किती रुंद आहे हे डोळ्याला थेट दिसतं. थ्रीडीत तो अंदाज लागत नाही, कारण समोरचं चित्र शेवटी सपाट स्क्रीनवरच आहे. शिवाय कॅमेरा कोणी हलवायचा? १९९६ मध्ये या प्रश्नाची दोन उत्तरं आली. ‘क्रॅश बँडिकूट’ने थ्रीडीला बोळात कोंडलं: रस्ता अरुंद, कॅमेरा ठरलेला, म्हणून अंदाज सोपा. ‘सुपर मारिओ ६४’ने मैदान मोकळं सोडलं. मियामोतोच्या चमूने तिथे लेव्हल बांधायच्या आधी बराच काळ नुसती मारिओची हालचाल घासूनपुसून घेतली. मोकळ्या जागेत नुसतं पळायला, उड्या मारायलाच मजा यायला हवी, हा आग्रह. अ‍ॅनालॉग स्टिक किंचित ढकलली तर मारिओ चवड्यावर चालतो, पूर्ण ढकलली तर धावतो. कॅमेऱ्यालाही त्यांनी पात्र केलं, ढगावर बसून चित्रण करणारा लाकितू, म्हणजे खेळणाऱ्याला कळावं की हे डोळे आपले नाहीत, आपल्यामागून येणाऱ्या कोणाचे तरी आहेत.

आणि सावली. मारिओ हवेत असताना त्याच्या बरोबर खाली एक गोल काळा ठिपका असतो. प्रकाश कुठूनही येवो, ठिपका सरळ पायांखालीच. खरी सावली अशी पडत नाही. पण तो ठिपका नसेल तर पात्र कुठे उतरणार हे सांगताच येत नाही. आज प्रकाशाचा किरणन् किरण मोजणारी इंजिनं आहेत, तरी थ्रीडी प्लॅटफॉर्मर करणारे हा खोटा ठिपका ठेवतात. मुलाखतीला आलेल्या उमेदवारांना मी हा प्रश्न हटकून विचारतो.

त्यानंतरची दहा वर्षं मोठ्या स्टुडिओंना प्लॅटफॉर्मरमध्ये रस कमी होत गेला. ‘रॅचेट अँड क्लँक’मध्ये बंदुका आल्या, ‘जॅक’ शहरात शिरला, खेळणारे नेमबाजीकडे वळले. टूडी तर जुनाट समजलं जाऊ लागलं. मग २००६ मध्ये निन्टेन्डो डीएसवर ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स’ आला आणि त्याच्या ३ कोटींहून जास्त प्रती खपल्या. म्हणजे गिऱ्हाईक कुठे गेलं नव्हतं. दुकानदारांनीच माल ठेवणं बंद केलं होतं.

पण प्रकाराला नवं रक्त मिळालं ते एकट्या-दुकट्यांकडून. २००४ मध्ये दाइसुके अमाया नावाच्या माणसाने सुमारे पाच वर्षं एकट्याने खपून केलेला ‘केव्ह स्टोरी’ फुकट वाटला. त्याच वर्षी ‘एन’ नावाचा फ्लॅश गेम (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा गेम) आला. करणाऱ्या दोघांनी टक्कर कशी ओळखायची याचे धडेही लिहून मोकळे केले, आणि माझ्या पिढीच्या कित्येकांनी ते वाचून काम शिकलं. २००८ चा ‘ब्रेड’ वेळ उलटी फिरवू देतो. डेरेक यूचा ‘स्पेलंकी’ दर डावाला नवी गुहा रचतो. २०१० चा ‘सुपर मीट बॉय’ भयंकर अवघड, पण मेलात की क्षणात परत उभे. लेव्हल जिंकल्यावर तुमचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पळताना दाखवतो. अवघडपणा आणि छळ यांतला फरक त्या एका निर्णयात आहे. मेल्यावर पाच सेकंद वाट बघायला लावली असती तर तोच गेम कोणी दहा मिनिटं खेळला नसता.

जानेवारी २०१८ मध्ये आलेला ‘सेलेस्ट’ मी शिकाऊ मुलांना पाठ्यपुस्तकासारखा वाचायला सांगतो, आणि ‘वाचायला’ खरोखरच, कारण मॅडी थोरसन आणि नोएल बेरी यांनी त्यातल्या पात्राचा कोड सगळ्यांसाठी खुला केला आहे. वरवर तो कठोर गेम आहे. आत डोकावलं तर तो खेळणाऱ्यावर किती मेहेरबान आहे ते दिसतं. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंद उडी मान्य होते. याला धंद्यात कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्हा कड्यापलीकडे जाऊनही क्षणभर पडत नाही तसं. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ते लक्षात ठेवलं जातं आणि टेकताक्षणी उडी होते. डोकं छताच्या कोपऱ्याला ४ पिक्सेलपर्यंत घासत असेल तर पात्राला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ दिलं जातं. उडीच्या टोकाशी बटण दाबून धरलं तर गुरुत्वाकर्षण निम्मं होतं, म्हणजे कुठे उतरायचं हे ठरवायला डोळ्याला थोडी उसंत.

यातलं काहीही खेळणाऱ्याला कळत नाही. त्याला एवढंच वाटतं की आज आपला हात बसलाय. मी मघाशी भरवसा म्हणालो तो हा. यंत्र बोटाचं ऐकण्यापुरतं थांबत नाही, बोटामागचा हेतू ओळखतं. ‘डाँकी काँग’पासून ‘सेलेस्ट’पर्यंतचा प्रवास मला विचाराल तर या एका वाक्यात येतो. पिक्सेल वाढले हे खरं, पण ते सगळ्याच गेममध्ये वाढले.

आता पुढचं.

पैशाची बाजू आधी. सप्टेंबर २०२४ मधला ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ सुमारे ६५ जणांच्या चमूने केला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. शेकडो माणसांच्या महागड्या गेमांच्या काळात हा आकडा लहान आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरी या मूठभर लोकांच्या स्टुडिओचा ‘सिल्कसाँग’ ४ सप्टेंबर २०२५ ला विक्रीला आला तेव्हा गर्दीने ऑनलाइन दुकानं काही काळ कोलमडली. हे एक टोक. दुसरीकडे जानेवारी २०२४ मधला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन’. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, मलाही तो त्या वर्षातल्या उत्तम गेमांपैकी वाटतो, पण खप अपेक्षेइतका झाला नाही आणि त्याच वर्षी चमू विखुरला. मला यातून दिसतं ते असं: फार मोठी नावं आणि फार छोटे चमू टिकतील, मधल्या आकाराच्या, मोठ्या कंपनीच्या अपेक्षांखाली केलेल्या प्लॅटफॉर्मरला दिवस कठीण आहेत.

तंत्राच्या बाजूने मला दोन दिशा आश्वासक वाटतात. एक, मोडणारं जग. जुलै २०२५ मधल्या ‘डाँकी काँग बनान्झा’मध्ये जवळपास सगळं फोडता येतं, भिंत आडवी आली तर उडी मारण्याऐवजी भिंतच खणा. मग लेव्हल आखणाऱ्याने करायचं काय, हा फार मजेदार प्रश्न आहे आणि त्याची उत्तरं येत्या काही वर्षांत बघायला मिळतील. दुसरी, सर्वांना खेळता यावं यासाठीच्या सोयी. ‘सेलेस्ट’मध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, पात्राला अमरही करता येतं. २०२३ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये योशी हे पात्र घेतलं तर शत्रूचा मार लागत नाही. ‘मग खेळण्यात अर्थ काय’ असं कुरकुरणारे दर वेळी भेटतात. ज्यांची बोटं नीट चालत नाहीत, ज्यांचं वय झालंय, त्यांनी उडी मारूच नये का? अवघड वाट आहे तशीच राहते. बाजूला कठडा बसवला म्हणून ज्याला नको त्याने तो धरायला हवा असं नाही.

व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर पडदा चढवून आभासी जगात शिरणं, याबद्दल मी थंड आहे. २०१८ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन’ने दाखवलं की डोकं हाच कॅमेरा झाला तर खोलीचा अंदाज फार सुरेख येतो, १९९६ चं दुखणं जवळजवळ बरं होतं. पण डोक्यावर हेल्मेट चढवून रोज खेळणारे थोडे.

एआय मात्र सविस्तर, कारण प्रश्नाचा रोख तिकडे आहे. २०२४ च्या सुरुवातीला गूगल डीपमाइंडने ‘जिनी’ नावाचं मॉडेल दाखवलं. टूडी प्लॅटफॉर्म गेमांचे इंटरनेटवरचे सुमारे ३०,००० तासांचे व्हिडिओ बघून ते शिकलं होतं. त्याला एक चित्र द्या, ते त्याचं खेळता येईल असं जग करतं. कोणतं बटण काय करतं हेही त्याने नुसतं बघून ताडलं. थक्क व्हावं असंच आहे हे. पण ते सेकंदाला जेमतेम एक फ्रेम काढत होतं आणि त्याला फक्त मागच्या १६ फ्रेम आठवत होत्या. पुढच्या आवृत्त्या झपाट्याने सुधारल्या. ऑगस्ट २०२५ ची तिसरी आवृत्ती सेकंदाला २४ फ्रेम काढते आणि काही मिनिटं जग सांभाळते. वेग वाढेल, आठवण वाढेल. माझी शंका वेगळ्या ठिकाणी आहे. असं मॉडेल पुढची फ्रेम ‘साधारण कशी दिसेल’ ते सांगतं. प्लॅटफॉर्मरला साधारण चालत नाही. मागच्या वेळी जी फट ओलांडली ती तशाच उडीत या वेळीही ओलांडली गेली पाहिजे. क्रेनचं जंगल १२८ बाइटांत हे देत होतं. मूळ मारिओ झटपट संपवणारे लोक त्यातली २१ फ्रेमची लय ओळखून खेळतात, कारण लेव्हल संपल्याची नोंद त्या ठोक्यावरच होते. इतकी वर्षं झाली, गेम तसाच वागतो, म्हणून पाच मिनिटांच्या आत तो संपवताना माणसं अजून सेकंदाच्या अंशासाठी झगडतात. ज्या जगाला स्वतःचाच नियम पक्का माहीत नाही त्यात ही चुरस कशी उभी राहणार?

लेव्हल तपासण्यासाठी मात्र एआय आजच कामाचं आहे. २००९ च्या मारिओ एआय स्पर्धेत वाट शोधायच्या जुन्याच अल्गोरिदमवर चालणाऱ्या बॉटने मारिओ असा पळवला की माणसाला नजर ठरवता येईना. आपण रचलेली लेव्हल पार होते तरी का, कुठून चोरवाट निघते, हे असा बॉट रात्रभर तपासू शकतो. मजा येते का, हे नाही सांगू शकत.

लेव्हल पार होते का, या साध्या प्रश्नावर २०२४ मध्ये एक झकास नाट्य घडलं. ‘मारिओ मेकर’ हा २०१५ चा गेम लोकांना स्वतःच्या लेव्हल रचू देतो, पण अट अशी की रचणाऱ्याने ती आधी स्वतः पार करून दाखवायची. निन्टेन्डो ८ एप्रिल २०२४ ला त्याची ऑनलाइन सेवा बंद करणार होतं. त्याआधी कोणीच पार न केलेली एकही लेव्हल उरू द्यायची नाही, असा चंग ‘टीम ० टक्के’ या हौशी गटाने बांधला. शेवटी ‘ट्रिमिंग द हर्ब्स’ नावाची एक लेव्हल उरली. काही सेकंदांची, पण फ्रेमफ्रेमला अचूक बटण मागणारी. जगभरातले पट्टीचे खेळाडू दिवसरात्र तिच्यावर तुटून पडले. मग रचणाऱ्याने कबूल केलं की त्याने ती हाताने नव्हे, बटणं आपोआप दाबणाऱ्या यंत्रणेने पार करून चढवली होती. गटाने ती लेव्हल यादीतून काढली, आणि बाकीच्या सगळ्या आधीच पार झाल्या असल्याने मोहीम पुरी झाल्याचं जाहीर केलं. आणि सेवा बंद व्हायच्या आत एकाने ‘ट्रिमिंग द हर्ब्स’सुद्धा खऱ्या बोटांनी पार केली. लोक चिडले होते ते लेव्हल अवघड होती म्हणून नव्हे. माणसाने एकदा तरी केलंय हा विश्वास मोडला म्हणून.

आपल्याकडे अडचण निराळी: बहुतेक जण फोनवर खेळतात आणि काचेवर बटण नसतं. अंगठ्याला कडा लागत नाही, त्यामुळे पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी तसं होतं. म्हणून फोनवर धावणं आपोआप झालं. २००९ च्या ‘कॅनाबाल्ट’ने ती वाट पाडली, ‘टेम्पल रन’ आणि ‘सबवे सर्फर्स’ने तिचा हमरस्ता केला, ‘सबवे सर्फर्स’ प्ले स्टोअरवर १०० कोटी डाउनलोडचा टप्पा गाठणारा पहिला गेम. लोकलच्या दारात उभा राहून एका हाताने दांडी धरलेला माणूस तो खेळू शकतो, हे त्यामागचं गणित. निन्टेन्डोनेही २०१६ मध्ये ‘सुपर मारिओ रन’ एका अंगठ्याचाच केला.

आता उपप्रश्न. पहिला गेम म्हणून प्लॅटफॉर्मर घ्या, पण पाच मिनिटांचा. गोडो हे गेम बनवायचं फुकट इंजिन घेतलंत तर त्याचा तयार साचा लगेच चालतं-उडतं पात्र देतो: धावण्याचा वेग ३००, उडीचा ४००, गुरुत्वाकर्षण ९८०. हिशेब केलात तर उंची साधारण ८२ पिक्सेल आणि टोक गाठायला ०.४१ सेकंद. बटण कितीही वेळ दाबा, उडी तेवढीच. बरेच विद्यार्थी हेच आकडे ठेवून लेव्हल बांधायला बसतात, आणि गेम मिळमिळीत का वाटतो हे त्यांना कळत नाही. आधी तो साचा मोडा. खाली येतानाचं गुरुत्वाकर्षण वाढवा, बटण सोडल्यावर उडी तोडा, ०.१ सेकंदाची कड्यावरची सवलत घाला, लवकर दाबलेलं बटण लक्षात ठेवा. राखाडी ठोकळ्यांच्या एका खोलीत नुसतं बागडायला मजा येईपर्यंत चित्रकार मित्राला हाक मारू नका. हालचालीचा हिशेब ठरावीक ठोक्यावर, सेकंदाला ६० वेळा करा. नाहीतर स्वस्त फोनवर उडीची उंची बदलेल. आणि टीव्हीला जोडून दाखवणार असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर तुमची उडी चांगली असूनही लोक तिला मंद म्हणतील.

गडकिल्ल्यांचा विषय चांगला आहे, पण नुसत्या भगव्या पार्श्वभूमीपुरता नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला तेव्हा त्याचं जगभर कौतुक झालं ते त्यातलं स्थापत्य बघून. वाडे, कोरीव भिंती, त्यांवरून पळणं. तो लढाईचा गेम जास्त आणि उड्यांचा कमी, तरी जागा किती बोलते ते बघण्यासारखं. गडांत तर लेव्हल आयती आखलेली आहे. रायगडाच्या महादरवाजाची गोमुखी रचना घ्या: दोन बुरुजांच्या मधल्या वळणात शिरेपर्यंत दरवाजा दिसतच नाही, आणि शिरलात की तुम्ही वरून माऱ्यात. देवगिरीची अंधारी, म्हणजे काळोखी वाट, जिथे शत्रूला डोळे असून चाचपडायला लावलंय. हरिहरच्या कातळात खोदलेल्या छातीवर येणाऱ्या पायऱ्या. हे बांधणारे लोक चढणाऱ्याच्या पावलाचा आणि नजरेचा विचार करत होते, फक्त त्यांना तो हरायला हवा होता.

त्यामुळे तुमचं काम उलटं आहे. गोमुखाचं वळण ठोकळ्यांनी उभं करा, आणि गड कधी न चढलेल्या कोणाच्या तरी हातात कंट्रोलर द्या. पहिल्या वेळी तो फसला पाहिजे. दुसऱ्या वेळीही त्याच जागी, त्याच कारणाने फसला तर वळण बदला. तिसऱ्यांदा स्वतःहून डाव परत सुरू केला तर चित्रकाराला फोन लावा.